न बोलणारं बटण

वसईत चर्चमागे दुकान असलेला आमचा लॅपटॉपवाला कुठलंही बटण दाबण्याआधी बोट शर्टाला पुसतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली होती, तिचा नुसता काळा, अक्षरांचा पडदा चाले. आवाज आणि उजेड कमीजास्त करणारी बटणं तिथे मुकी होती.

"बटण दिलंय ना सर, मग ते चाललं पाहिजे," म्हणत त्याने एकेक दाबलं, पडद्यावर उमटलेला त्या बटणाचा सांकेतिक आकडा पावाच्या कागदावर उतरवला आणि प्रत्येक आकड्याला काम नेमून दिलं. एका बटणाचा मात्र आकडाच उमटेना.

"राहू दे," मी म्हटलं. त्याने लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला. परत दिला तेव्हा त्या बटणावर चिकटपट्टी होती, तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं: 'हे मला जमलं नाही.'

तेव्हापासून आमच्या घरचा मिक्सरसुद्धा त्याच्याकडेच जातो.