रुमाल जेनोवाला पोचला

निघायच्या दिवशी सकाळी रिक्षा दारात आली, तेव्हा आमचे हे गाडीला कव्हर घालत होते. गारखेड्यातल्या आमच्या घरासमोर ती पांढरी गाडी पाच महिने जागची हललेली नव्हती. कव्हर तर आधीपासूनच घातलेलं होतं. यांनी ते काढलं, झटकलं आणि पुन्हा घातलं. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. काढला असता तर आम्ही युरोपला जायच्या ऐवजी घरात जाऊन बसलो असतो.

हे म्हणजे दिगंबरराव. बियाणं-खतांचा व्यापार, त्यामुळे गंगापूर, वैजापूर, कन्नड असं तीस वर्षं गाडीनं फिरणं. आमच्या संसारात यांनी स्वतः गाडी चालवली नाही अशी एकही सहल नाही. कोकण झालं, राजस्थान झालं, थेट कन्याकुमारी झाली. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं नीट दिसतंय, बाजूचं कमी झालंय, थेंब वेळेवर घातले तर आहे ते टिकेल, पण गाडी चालवणं आजपासून बंद. पुण्याहून मुलानं ड्रायव्हर ठेवायचा हट्ट धरला. एक ठेवलाही. हे त्याच्या शेजारी बसून रिकाम्या जागेत पायानं ब्रेक दाबत राहिले आणि क्रांती चौकात उतरून चालत घरी आले.

"मी काय सामान आहे का, कुणीही उचलून न्यायला?" म्हणाले. आणि बूट काढता काढता हळूच म्हणाले, "आपलं फिरणं संपलं, सुमन."

काचबिंदूला मी घाबरले नव्हते, या वाक्याला घाबरले. त्या दिवसापासून ते फाटकाबाहेर पडेनात. खुर्ची, वर्तमानपत्र आणि खिडकीतून दिसणारं गाडीचं कव्हर. तेव्हाच मी ठरवलं की यांना अशा ठिकाणी न्यायचं, जिथं गाडीत बसायची वेळच येणार नाही.

मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. युरोपचा किनारा फळ्यावर खडूनं इतक्या वेळा काढलाय की झोपेतही काढीन. प्रत्यक्षात पाहिला मात्र नव्हता. मी माझी मैत्रीण नसीमला बोलावलं. ती आमच्याच शाळेत गणित शिकवायची आणि वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक तिच्या हातचं होतं. तिनं जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा पसरला, रंगीत पेन्सिली काढल्या आणि आठ दिवसांचे चौकोन आखले. रेल्वे म्हणजे तास, स्टेशनवरचा वेळ म्हणजे मधली सुट्टी. नीस, जेनोवा, ला स्पेझिया ही तीन किनाऱ्यावरची शहरं, सगळी एकाच रुळावर. एका दिवसात एकाहून जास्त वेळा गाडी बदलायची नाही. मुक्काम स्टेशनपासून दहा मिनिटं चालण्याच्या आत. चारचाकीत कुणीही पाय ठेवायचा नाही.

"आणि हे नाहीच म्हणाले तर?" मी विचारलं.

"कायको घाबरते गं?" नसीम म्हणाली. "मी तर येणारच. कमलताईंनाही घे सोबत. बहिणीला ते नाय म्हणत नाहीत."

कमलताई म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. गंगापूरला ऊस आहे, दोन गुडघे दुखरे आहेत, आणि समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "दिगू येतोय ना? मग मी येते." दिगू गप्प बसला. तोच आम्ही होकार धरला.

मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून विमान, आणि नीसच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तर समोर ट्राम उभी. समुद्र उजव्या हाताला इतका निळा होता की फळ्यावरच्या माझ्या सगळ्या निळ्या खडूंची मला लाज वाटली. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. कमलताई काठी टेकत गोट्यांपर्यंत गेल्या, नऊवारी किंचित उचलून पाय बुडवले. मग म्हणाल्या, "लई हाय गं हे. धरण कोण सोडतंय याला?"

हे मागे बाकावर बसले होते, समुद्राकडे पाठ करून. समोरच्या रस्त्यावर कोण चुकीच्या बाजूनं ओव्हरटेक करतंय ते बघत होते.

खाण्याची मला धास्ती होती. कमलताई शाकाहारी, नसीमला मांसाचं विचारूनच खावं लागायचं. पण नीसच्या जुन्या बाजारात एका बाईनं भट्टीतून परातीएवढ्या तव्यावरचा सोक्का (हरभऱ्याच्या पिठाचं जाड धिरडं) काढला आणि कागदात बांधून दिला. कमलताईंनी पिशवीतली शेंगदाण्याची चटणी त्यावर टाकली. बाईनं बोट दाखवून चटणी मागितली, चाखली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि पुन्हा मागितली. "हिला पीठ कालवायची अक्कल हाय," कमलताईंनी शेरा दिला. मग शेवटपर्यंत जेवणाचा प्रश्न उरला नाही.

कमलताईंचा आणखी एक नियम होता, जत्रेतला. नव्या शहरात उतरलं की आधी एक जागा नेमायची आणि बजावायचं, "जो हरवंल त्यानं इथं यायचं. शोधत फिरायचं नाय." नीसला कारंजं नेमलं. जेनोवाला जुन्या बंदरात, बोटींच्या तिकीटखिडकीशेजारचा निळा बाक. यांनी तिथं पहिल्यांदा तोंड उघडलं. "अक्का, मी तीस वर्षं जिल्हा पालथा घातलाय. हरवीन होय?"

"आता तू चालवत नायस ना," ताई म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण हे परत मिटून गेले. रेल्वेत आतल्या बाजूला, डोळे मिटून बसायचे. मी म्हणायचे, "अहो, समुद्र बघा." ते म्हणायचे, "तू बघ." मला राग यायचा आणि रडूही यायचं. एवढ्या लांब आणून मी यांची खुर्चीच बदलली की काय, असं वाटायला लागलं.

पाचव्या दिवशी सेस्त्री लेवान्ते नावाच्या छोट्या गावाला जाऊन आम्ही जेनोवाला परतत होतो. रविवार होता. समुद्रात डुंबून आलेले लोक, ओले टॉवेल, पोरंटोरं, फलाटावर ही गर्दी. गाडी आली आणि आमचे हे अचानक पुढे घुसले. सगळ्यांच्या आधी डब्यात चढले, खिशातून चौकड्यांचा रुमाल काढला आणि समुद्राच्या बाजूच्या खिडकीच्या जागेवर टाकला! मग उरलेल्या तीन जागा पाय पसरून अडवल्या. पाच महिन्यांत यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी काही धरलं होतं. नसीमनं मला कोपरानं ढोसलं. मी तोंड फिरवून हसले.

कामोली नावाच्या स्टेशनावर गाडी थांबली ती थांबलीच. मागून जलद गाडी पुढे जायची असावी. आता आपल्याकडे गाडी रेंगाळली की पुरुषमाणसानं खाली उतरायचं, कंबर सरळ करायची, इंजिनाकडे बघायचं, हा रिवाजच आहे. हे उतरले. जाताना रुमाल जागेवर नीट पसरून गेले. आपल्या एसटीत एकदा रुमाल पडला की ती जागा सातबाऱ्यावर चढल्यासारखी असते, माणूस कुठंही असो. हे फलाटाच्या टोकापर्यंत गेले. तिथं दोन घरांच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसत होती.

एक टोपीवाल्या आजी येऊन त्या जागेवर बसायला लागल्या. कमलताईंनी काठी आडवी घातली. "रुमाल हाय, दिसत नाय का?" आजींनी रुमालाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि तेवढ्यात दरवाजे आपोआप मिटले. शिट्टी नाही, झेंडा नाही, धावत जाऊन दांडी पकडायची सोय नाही. गाडी निघाली. खिडकीतून मला हे दिसले, फलाटाच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून उभे. यांनी वळूनही पाहिलं नाही. बाजूचं दिसतच नव्हतं त्यांना.

यांचा फोन नसीमच्या पिशवीत, डोळ्यांचे थेंब माझ्या पर्समध्ये. खिशात मी कोंबलेले थोडे युरो आणि परतीचं तिकीट, बस. पुढच्या रेक्को स्टेशनावर आम्ही उतरलो, उलट गाडीची वाट पाहिली आणि कामोलीला परत आलो. फलाट रिकामा.

स्टेशनातल्या कॉफीच्या दुकानात नसीमनं हवेत मिशी काढून दाखवली, डोक्यावर टोपी दाखवली. काउंटरमागच्या बाईला लगेच ओळख पटली. तिनं खाली उतरणाऱ्या पायऱ्यांकडे हात केला. "बात्तेल्लो," (प्रवाशांची बोट) ती म्हणाली आणि हातानं लाटा काढल्या.

"बोट?" मी ओरडलेच. "त्यांना पोहतासुद्धा येत नाही!"

खालच्या धक्क्यावरून जेनोवाची बोट नुकतीच सुटल्याचं तिनं घड्याळ दाखवून समजावलं. मी तिथंच मटकन बसले. माझ्याच हट्टानं हे घडलं होतं. घरात बसले होते ते बसू दिले असते तर निदान घरात तरी असते.

"ऊठ," कमलताई म्हणाल्या. "जागा नेमलीय ना? मग शोधत फिरायचं नाय. बाकावर चल."

जेनोवाच्या बंदरात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. निळ्या बाकावर आम्ही तिघी बसलो, मध्ये तो रुमाल घडी घालून. नसीमनं पुठ्ठ्यावरच्या रविवारच्या चौकोनात लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि मी रागानं पाहिल्यावर खोडलं. एक बोट आली, त्यात हे नव्हते. कमलताई गुडघे चोळत पुटपुटत होत्या, नवस असावा.

दुसरी बोट धक्क्याकडे वळली आणि सगळ्यात पुढे, दांडीला धरून, वाऱ्यात उभे कोण? आमचे हे. एका हातात तेलकट कागदाची पुडी. शेजारी एक पिकल्या दाढीचे गृहस्थ यांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. हे मान पूर्ण डावीकडे वळवून किनारा बघत होते, मग पूर्ण उजवीकडे, मग परत डावीकडे. आमच्याकडे लक्षच नव्हतं. मी जोरात हाक मारली, "अहो!" आणि मला रडू फुटलं.

उतरल्या उतरल्या मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले आणि मग डोळ्यांत थेंब घातले. बाकावर मान मागे टाकून, डोळे मिटून हे बोलत सुटले. फलाटावर वळून बघतात तर गाडी नाही. पाच मिनिटं घाम फुटला. मग अक्काचा बाक आठवला. बाक बंदरात, आणि बंदराला बोट जातेच, एवढा हिशोब केला, बोटीचं चित्र पाहून पायऱ्या उतरले. दाढीवाले गृहस्थ ट्रक चालवायचे म्हणे, आता चालवत नाहीत. भाषा एकमेकांची कळली नाही, पण दोघांनी हातानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं आणि दोघांनी मग ते सोडून दिल्याची खूण केली. त्यांनीच फोकाच्चा (तेलात भिजलेला चपटा पाव) घेऊन दिला.

"तीन ठिकाणी डोंगर सरळ पाण्यात उतरलाय, सुमन," हे म्हणाले. "केशरी घरं आहेत, पार वरपर्यंत. आणि मला कुणी म्हटलं नाही की रस्त्याकडं बघ."

पुढचे दिवस कसे गेले कळलं नाही. ला स्पेझियाला यांनी बोटीत सगळ्यांच्या आधी पुढची जागा धरली. गाडी कुठंही थांबली की कमलताई काठी यांच्या मांडीवर आडवी ठेवायच्या, "बस खाली!" आणि हे हसत बसून राहायचे. नसीमनं पुठ्ठ्यावर त्या रविवारच्या चौकोनात एक छोटी बोट काढली. तो पुठ्ठा आता आमच्या भिंतीवर आहे.

घरी परतलो. गाडीच्या कव्हरवर धूळ बसली होती. हे कव्हरजवळ थांबले, हात फिरवला आणि आत आले. चार दिवस पुन्हा खुर्ची, पुन्हा वर्तमानपत्र. मी मनात म्हटलं, संपलं, समुद्राबरोबर तेही तिकडंच राहिलं. पाचव्या दिवशी सकाळी यांनी बूट चढवले आणि मला म्हणाले, "आवर. अजिंठ्याला जाऊ."

"कशानं?"

"एसटीनं. आणखी कशानं?"

मध्यवर्ती बसस्थानकात गाडी लागली, लोक धावले, आणि आमच्या यांनी खालूनच उघड्या खिडकीतून तो चौकड्यांचा रुमाल अचूक आत भिरकावला. आम्ही चढलो तेव्हा जागा शाबूत होती. मी सवयीनं खिडकीकडे सरकले, तर यांनी मला थांबवलं.

"खिडकी माझी. तू तीस वर्षं बघितलंस."

मी आतल्या बाजूला बसले. फुलंब्री मागे पडलं. हे मान पूर्ण बाहेर वळवून बघत होते. या रस्त्यानं यांनी गाडी किती वेळा नेली असेल त्याला गणती नाही. मध्येच यांनी माझा हात दाबला आणि बाहेर बोट दाखवलं. शेतांच्या पलीकडे पाणी चकाकत होतं.

"हा तलाव कधी झाला गं?"

"आपल्या लग्नाच्या आधीपासून आहे," मी म्हटलं.