सू-छिनताई आणि पुसलेल्या ओळी

ल्याव सू-छिन यांना खुर्चीत बसता येत नसे. पाठीचं दुखणं वगैरे काही नव्हतं. बसल्या की दोन मिनिटांत उठायच्या, खिडकीपाशी जायच्या, खालच्या दंतवैद्याची पाटी वाचायच्या, परत यायच्या आणि येताना कुणाच्या तरी टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवायच्या. वय अठ्ठावन्न. तैवानमधल्या ताइचुंग शहरातल्या एका वर्तमानपत्रात त्यांनी सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली होती. वर्तमानपत्र बंद पडलं, पण चुका शोधणारे डोळे काही बंद पडेनात. बसथांब्यावरच्या फलकात अक्षर चुकलेलं दिसलं की त्या नगरपालिकेला फोन करायच्या.

आमच्या कचेरीत आम्ही चौघंच होतो. मालकाचं नाव को, वय एकतीस. मी आ-थिंग, प्रोग्रॅम लिहिणारा. आम्ही एक वेब अ‍ॅप बनवत होतो. माणसं चार-पाच ठिकाणी विखरून लिहितात, फोटो टाकतात; ते सगळं गोळा करून एकाच पानावर आणून द्यायचं, एवढंच त्याचं काम. देवळापुढच्या मोकळ्या अंगणाला आमच्याकडे जो शब्द आहे, तेच आम्ही त्याचं नाव ठेवलं होतं. जगासमोर आणण्याआधी आठ जणांना दीड महिना वापरायला द्यायचं ठरलं. सात जण कॉलेजातले किंवा नुकते बाहेर पडलेले. को म्हणाला, "एक तरी असं माणूस हवं, ज्याला आपलं कौतुक नाही." म्हणून सू-छिनताई आल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी तेवीस दोष लिहून दिले. तारीख एकीकडे आधी, दुसरीकडे नंतर. एकच फोटो तीनदा. 'आवडलं'च्या जागी 'आवडल'.

"ताई, हे अजून कच्चं आहे हो," मी म्हणालो.

"कच्चं आहे म्हणून तर तपासतेय. पिकल्यावर काय, सडतंच."

आम्ही प्रत्येकाला सांगितलं होतं की, आमची परीक्षा घ्यायची म्हणून भलतीसलती पानं जोडू नका, जी खरोखर वाचता तीच जोडा. ताईंनी सहा पानं जोडली. त्यातलं एक ताइनानमधल्या एका दुकानाचं होतं. सबाही माशाची पेज विकणारं छोटं दुकान, पहाटे पाचला उघडणारं. त्याकडे माझं लक्ष जायचं कारणच नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांचे दोष येणं थांबलं. दहाव्या दिवशीही काही नाही. को खूश झाला. "बघ, सुधारलं की नाही आपलं अंगण!" मला मात्र पटेना. ताई आता खुर्चीपाशीही येत नव्हत्या. हातात फोन धरून जिन्यावर खाली-वर करत होत्या. दुपारचा डबा तसाच परत जायचा. कोण कुठलं पान किती वेळा उघडतं त्याची नोंद माझ्याकडे असायची. ताईंनी एका दिवसात ते पेजेचं दुकान चौऱ्याहत्तर वेळा उघडलं होतं.

मी जिन्यात त्यांना गाठलं. "ताई, इतकी भूक लागते तर डबा का परत जातो?"

हसल्या नाहीत. फोन माझ्यापुढे धरला. "वाच."

दुकानाच्या पानावर नेहमीच्या ओळी होत्या. आज मासा ताजा आहे, मंगळवारी बंद. आणि त्यांच्या मध्येमध्ये, पहाटे साडेचार-पावणेपाचच्या सुमाराला लिहिलेलं दुसरंच काही.

'ताई, आईच्या खोलीतला पंखा दुरुस्त केला. आता आवाज करत नाही.'

'ताई, माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तू तरी एकदा'

पुढे काहीच नव्हतं.

"दुकान कुणाचं?" मी विचारलं.

"सू-लानचं. धाकटी बहीण." त्या एक पायरी खाली उतरल्या, परत वर आल्या. "आता तुझ्या फोनवर, आपल्या अ‍ॅपमधून नको, मूळ जागी जाऊन तेच पान उघड."

उघडलं. तिथे फक्त मासा आणि मंगळवार. बाकी काही नाही.

काय झालंय ते मला लगेच समजलं. आमचं अ‍ॅप दर मिनिटाला जाऊन नवं लिहिलेलं उचलून आणत होतं. पण मूळ जागी कुणी ते पुसलं तर आपल्याकडूनही पुसायचं, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. सू-लान पहाटे लिहायची, दोन मिनिटं ठेवायची, पुसायची. तिच्या लेखी ते संपलेलं असायचं, आणि इथे आमच्या अंगणात पडून राहायचं.

"हा दोष आहे," ताई म्हणाल्या. "पहिली ओळ दिसली त्याच दिवशी मला कळलं. उद्या लिहून देते."

तेव्हा त्यांनी थोडं सांगितलं. आई शेवटी कुणाला ओळखेनाशी झाली होती. दोनदा रस्त्यावर सापडली. ताईंनी तिला ताइचुंगच्या वृद्धाश्रमात ठेवलं. सू-लानचं म्हणणं, आई ताइनानला, तिच्या घरीच राहायला हवी होती. दीड महिन्यात आई गेली. शेवटी जवळ ताई एकट्याच होत्या, सू-लान पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अंत्यविधीला सगळ्या नातेवाइकांसमोर सू-लान म्हणाली, "तू आईला टाकून दिलंस." त्याला अडीच वर्षं झाली होती. एक शब्द बोलणं नाही.

दुसऱ्या दिवशी दोषाचा कागद आला नाही. तिसऱ्याही नाही. मी कोला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दर वेळी वाटायचं, आज सांगू, आणि दर वेळी जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. तोवर बाकीच्या सात जणांनी जोडलेल्या पानांवरचं जे कुणी काही पुसत होतं, तेही आमच्याकडे साठत होतं. माझीही झोप गेली.

त्या ओळी दिसायला लागल्यापासून पाचव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ताई थेट माझ्या टेबलापाशी आल्या. हातात कागद होता. दोष क्रमांक एकसष्ट. सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही.

"आत्ता दुरुस्त कर. माझ्यासमोर."

"काय झालं?"

त्यांनी त्या दिवशीची ओळ दाखवली. 'ताई, गुरुवारी गळ्यातली गाठ काढणार आहेत. सोबत कोण, असं नर्सने विचारलं. मी म्हटलं, बहीण आहे.'

मूळ जागी अर्थातच काही नव्हतं.

"मी आजच जाते," ताई म्हणाल्या. "पण हे असं खिशात घेऊन जाणार नाही. तिने पुसलंय ना? मग पुसलेलंच असलं पाहिजे."

"ताई, निदान एकदा फोटो काढून ठेवा. पुन्हा मिळायचं नाही."

त्या खिडकीपर्यंत गेल्या. फोन वर धरला, खाली केला. परत येऊन म्हणाल्या, "कर रे बाबा लवकर. माझी गाडी चुकेल."

दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. पान पुन्हा उघडलं तेव्हा त्यावर मासा आणि मंगळवार एवढंच उरलं होतं. कोला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. तो माझ्यावर ओरडला, आणि ओरडायलाच हवं होतं. आठही जणांना त्याने स्वतः फोन करून माफी मागितली.

पुढचं ताईंनी नंतर सांगितलं तसं सांगतो.

त्या ताइनानला पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. दुकान बंद, सू-लान आत लसूण सोलत बसलेली. गळ्याला पातळ रुमाल.

"काय हवंय?" ती म्हणाली.

"गुरुवारी मी सोबत येते."

सू-लानच्या हातातला लसूण तसाच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

ताईंना खोटं सुचलंही असतं, म्हणजे शेजारणीने सांगितलं वगैरे. त्यांनी सगळं खरं सांगितलं. अ‍ॅप, दोष, पाच दिवस, सगळ्या ओळी.

"म्हणजे मी पुसलेलं तू वाचत बसलीस? पाच दिवस?"

"हो."

"लोकांच्या कचऱ्याच्या डब्यात हात घालतेस आणि वर दार वाजवतेस? लिहिलं की जरा मोकळं वाटायचं मला. तुला पाठवायचं नव्हतं ते! नीघ."

ताई निघाल्या नाहीत. बसल्याही नाहीत. मागे मोरीत वाडग्यांची चळत होती, ती घासायला घेतली.

"धुतलेली आहेत ती," सू-लान ओरडली.

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय. हात रिकामे राहत नाहीत माझे."

साठ वाडगी धुऊन झाली. ताई चमचे घ्यायला लागल्या. शेवटी सू-लान म्हणाली, "गुरुवारी सात वाजता तिथे हजर राहायचंय. आणि तिथे माझ्याशी फार बोलू नकोस."

गाठ साधी निघाली. दोन रात्री ताई तिच्या खाटेपाशी होत्या. तिला बोलायची मनाई होती, म्हणून नर्सने वही दिलेली. सू-लानने वहीत पहिलं वाक्य लिहिलं ते असं: 'फेऱ्या घालू नकोस. चक्कर येते मला.'

आमचं अंगण जुलैत सगळ्यांसाठी उघडलं, सव्वा वर्ष चाललं आणि बंद झालं. को आता दुसरं काहीतरी करतो, मीही. ताई मात्र दर सोमवारी ताइनानला जातात आणि बुधवारी परत येतात. दोघींचं सगळं गोड झालं असं नाही. अंत्यविधीतलं ते वाक्य सू-लानने अजून मागे घेतलेलं नाही, मागे घे असं ताईंनी म्हटलेलंही नाही.

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे दुकान उघडायच्या आधी बुटक्या स्टुलावर बसून पेज ढवळता ढवळता सू-लानने मागे बसलेल्या ताईंना पाठमोरीच विचारलं, "शेवटी आईने माझं नाव घेतलं होतं का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "माझंही नाही. 'पाऊस आला, दोरीवरचे कपडे काढा', असं म्हणत होती सारखी."

सू-लानने आच कमी केली. मग म्हणाली, "पाऊस आला की मलाच हाक मारायची ती. कपडे मीच काढायचे."

"हो," ताई म्हणाल्या. "तूच काढायचीस."

बाहेर पहिलं गिऱ्हाईक शटर ठोकत होतं. दोघीही उठल्या.