वाचून दाखवणारा टायपिस्ट

धुळ्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तो बसतो. टाइप दोन बोटांनी करतो, पण प्रतिज्ञापत्र छापण्याआधी ते पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवतो. सोनगीरकडचे कोणी आबा असले तर अहिराणीत समजावतो. आम्हा वकिलांना घाई असते. तो चष्मा पुसत म्हणतो, "सही त्यांची शे ना, साहेब? मग ऐकू द्या."

मागे एका पुढाऱ्याचे ईमेल फुटले. त्यातले काही माझ्या अशिलाच्या मोबाईलवर कोणीतरी पाठवले होते. ते पुरावा म्हणून द्यायचे, तर कुठून काढले याचं प्रमाणपत्र लागतं. खरं लिहिलं असतं तर पुरावा टिकला नसता. मी सांगितलं तसं त्याने अशिलाच्या नावाने टाइप केलं आणि वाचायला लागला. 'हे ईमेल मी स्वतः माझ्या कार्यालयातल्या संगणकावरून काढले' या ओळीपाशी थांबला. अशील मोबाईल हातात धरून शेजारीच उभा होता.

"बाकी बठ्ठं मी वाचलं," स्क्रीन माझ्याकडे वळवत तो म्हणाला. "ही ओळ तेवढी तुम्ही वाचा."

कोर्टात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तिथे मी 'उद्या बघू' एवढंच पुटपुटून अशिलाला घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी ते प्रमाणपत्र मी पलीकडच्या टायपिस्टकडून करून घेतलं. त्याने वाचून दाखवलं नाही.