नऊसारखा एक

कागदावर पहिला आकडा आला नऊ. यायला हवा होता एक.

साहेबांनी प्रिंटरमधला कागद फाडला आणि माझ्याकडे न बघता आतल्या खोलीकडे हाक मारली, "डेकाटेबाई, शीट घेऊन इकडे या."

प्रोग्रामरच्या नोकरीसाठी माझी ही पहिलीच मुलाखत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात कॉम्प्युटर असलेली ऑफिसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. बीएस्सी होऊन दोन वर्षं मी उमरेडला घरी बसून होतो. बाबांचा हातमाग बंद पडला होता. ही नोकरी हुकली तर धाकट्या भावाची शाळा सुटणार होती.

परीक्षा सोपी होती. एक ते वीस आकडे छापणारा प्रोग्राम लिहायचा. प्रोग्राम म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी. ती चौकटींच्या कागदावर, म्हणजे कोडिंग शीटवर, पेनानं लिहायची. पंच ऑपरेटर ती बघून जाड कार्डांवर भोकं पाडायची आणि मशीन ती भोकं वाचायचं.

"या मुलाचं लॉजिक बरोबर आहे," साहेब म्हणाले. "मला त्यानं तोंडी सांगितलंय, एकपासून सुरुवात. तुम्ही नऊ पंच केलात. महिन्यातली तिसरी चूक. आज मेमो देतो."

डेकाटेबाई चाळिशीच्या असतील. त्यांनी हातातल्या शीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो सर," एवढंच म्हणाल्या.

मी वाकून शीट बघितली. दोन ठिकाणी एक लिहायचा होता: सुरुवात कितीपासून, आणि दर वेळी कितीनं वाढवायचं. दुसरा नीट इंग्रजी, सरळ काठी. पण पहिला, घाबरलेल्या हातानं, गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतला होता तो. मराठी एक. वर गोल, खाली शेपटी. इंग्रजी आकडे वाचणाऱ्याला तो नऊच.

गप्प बसलो तर नोकरी माझी होती. खोटं कशाला सांगू, मी गप्प बसलो. साहेबांनी मेमोचं पॅड काढलं, टोपण उघडलं, तरी गप्पच. बाईंचं नाव लिहायला लागले तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"सर, त्यांची चूक नाही. मी मराठी एक लिहिलाय."

साहेबांनी शीट निरखून पाहिली. "तुमच्या मनातलं मशीनला कळत नाही."

"हो सर."

"या तुम्ही."

घरी सांगितलं.  बाबा म्हणाले, "सांगतलं ते बरं केलं. आता दुसरीकडं पाहू."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. रुजू झालो त्या दिवशी साहेबांनी कोरी शीट पुढे सरकवली. "पानभर इंग्रजी एक काढा. चुका करणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. आपली चूक शोधून सांगणारा हवा होता."

वर्षभरानं एकदा डबा खाताना डेकाटेबाई म्हणाल्या, "साहेब वरडले तवाच मले समजलं होतं गा. मीबी मराठी शाळेतलीच."

"मग सांगितलं काहून नाही?"

"माही नोकरी लागलेली होती," त्या भाकरी मोडत म्हणाल्या. "तुही लागाची होती."

मी डबा झाकला.