साहेबांच्या जागी धाकटा

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी सांगते. पण पदवी हातात असूनही सरकारी नोकरीच्या परीक्षेत दरवेळी इंग्रजीतच अडकायचे. शेवटी वडील म्हणाले, "औंदा बघ. नायतर चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला लाग."

औरंगपुऱ्यातल्या क्लासमध्ये वाक्यातल्या चुका शोधायचा तास होता. सरांनी मला वडिलांवर इंग्रजीत बोलायला लावलं. मी वडिलांना 'दे' म्हटलं, म्हणजे पुष्कळ माणसांना म्हणतात ते. मागून एक जण ओरडला, "किती वडील हैत गं तुला?"

वर्ग हसला. मी वळून म्हटलं, "एकच हैत. पण त्यांना अरे-तुरे करायची आमच्यात पद्धत नाय!"

सर हसले नाहीत. "इंग्रजीत एका माणसाला 'ही'च. त्यानं मान कमी होत नाही."

कळलं, पण वळेना. पेपरात साहेब, प्राचार्य कुणी आलं की मला 'दे'च बरोबर वाटायचं. मग मी युक्ती काढली. वाक्यात मोठा माणूस दिसला की त्याला मनातल्या मनात खुर्चीवरून उठवायचं आणि तिथं माझा धाकटा भाऊ बसवायचा. त्याला कोण अहो-जाहो करतंय?

परीक्षेत वाक्य आलं. 'कलेक्टरांनी टँकर तपासला तेव्हा ____ पाण्यानं भरलेला होता.' रिकाम्या जागी 'दे', 'ही' की वस्तूला म्हणतात ते 'इट'? साहेबांच्या जागी धाकटा बसवला, 'दे' गेलं. 'ही' नियमात चोख बसत होतं. खूण करणार, तोच धाकटा डोळ्यांपुढं आला, पोट फुगलेला, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेला! हसू दाबून टँकरच्या 'इट'वर खूण केली. पुढच्या प्रत्येक वाक्याला दोनच गोष्टी विचारल्या: कोण? आणि असं होईल का?

पास झाले. इंग्रजीतच सगळ्यात जास्त मार्क! धाकटा गावभर सांगत सुटला, "मला कलेक्टर केलं म्हणून पास झाली ती."

वडिलांनी गाडी काढली, मला मागं बसवलं आणि थेट चितेगाव, कंपनीचं गेट. माझ्यासाठी ज्या ठेकेदाराकडं शब्द टाकला होता, त्याला म्हणाले, "मॅडम नाय येणार कामाला. त्यांना सरकारी नोकरी लागली."

ठेकेदारानं इकडंतिकडं पाहिलं. "कोण मॅडम?"

"ह्या काय," वडील म्हणाले, "गाडीवर बसल्यात."