गुळाच्या गोदामातलं झाड

गोदामात गूळ होता तेव्हा मुंग्या जमायच्या. कितीही झाडा, चुना टाका, सकाळी परत रांग हजर. आता गूळ गेला, मुंग्या गेल्या, आणि त्यांच्या जागी किस्से जमायला लागलेत. हे तर झाडूनसुद्धा जात नाहीत. तेव्हा म्हटलं, चार लोकांना वाटून टाकावेत.

मंगळवार पेठेतल्या या गोदामात मी चाळीस वर्षं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पाठीवर वाहिले. धंदा बंद झाला आणि मालकांनी गोदाम दोन महिन्यांसाठी केतकीला दिलं. केतकी म्हणजे आमच्या चौकातल्या दूधवाल्या दिनकरची मुलगी. बाहेर शिकून आली, आल्या आल्या गोदाम आतून पांढरंफेक केलं, छताला कॅमेरे, प्रोजेक्टर आणि कसले कसले सेन्सर टांगले, आणि मला म्हणाली, "तात्या, तुम्ही दारात बसायचं आणि माणसं आत सोडायची. येवढंच काम."

येवढंच म्हणाली खरी.

आत दोन गोष्टी. जमिनीवर उजेडाची नदी. तिच्यात पाय टाकला की पाणी बाजूला होतं. आणि समोरच्या भिंतीवर झाड. झाडापुढं जमिनीवर एक रिंगण आखलेलं. त्यात न हलता, न बोलता उभं राहायचं. मग भिंतीवर कोंब फुटतो, फांद्या येतात, पानं येतात, आणि पाच मिनिटं झाली की फुलं. मधे हललात किंवा आवाज झाला की झाड सुकून परत मातीत!

माणसानं पाच मिनिटं गप्प उभं राहावं म्हणून केलेलं यंत्र. मी तिला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं की बाई, हे कोल्हापुरात कशाला लावलंस?

*

पहिल्या आठवड्यात तालमीतला एक पैलवान आला. सव्वाशे किलोचा गडी. बरोबर चार दोस्त. केतकी खूश झाली. असा माणूस एकदा उभा राहिला की हलायचा नाही, असा तिचा हिशोब.

पैलवानानं रिंगण बघितलं. वाकून जमिनीला हात लावला, हात कपाळाला लावला, आत पाय ठेवला आणि मांडीवर असा शड्डू ठोकला की छतावरचा कॅमेरा हलला. कोंब येतो येतो म्हणेपर्यंत गेला.

केतकीनं समजावलं. त्यानं मान डोलावली. बाहेर आला, परत वाकला, परत जमीन कपाळाला, आत पाय, आणि परत शड्डू.

"दादा, तेवढं ठोकू नका," ती म्हणाली.

"मग आत कसं जायचं?" पैलवानानं खरोखर विचारलं.

शेवटी दोस्तांनी त्याचे दोन्ही हात धरून त्याला रिंगणात नेलं. गडी उभा राहिला, दगडासारखा. कोंब आला. फांदी आली. आणि चारी दोस्त एकदम ओरडले, "आता हलू नगंस भावा!"

*

नदीचा किस्सा शिरोळच्या मंडळींचा. ट्रॅक्टरचा कसला पार्ट न्यायला पाच म्हातारे आलेले, वेळ होता म्हणून आत शिरले. शिरोळची माणसं, दर पावसाळ्यात पुराची धास्ती घेतलेली. पाणी बघितल्याबरोबर पाचही जणांनी चपला हातात घेतल्या आणि धोतरं गुडघ्याच्या वर.

या नदीला केतकीनं एक खोड ठेवली होती. आत माणसं वाढली की पात्र पसरायचं, कमी झाली की आकसायचं. यातला सगळ्यात थोरला म्हातारा बाहेर गेला, विटेचा तुकडा घेऊन आला आणि पाण्याच्या कडेला फरशीवर रेघ मारून बसला. तेवढ्यात कॉलेजची दहा-बारा पोरं आत आली. पाणी रेघेच्या वर गेलं.

"चढतंय," म्हातारा म्हणाला. बाकी चौघे उठून उभे राहिले.

मी दारात होतो, पण थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मला काहीच काम उरलेलं नाही. दोघं म्हातारे दारात आडवे उभे होते आणि येणाऱ्या माणसाला हात जोडून सांगत होते, "पावणं, आत जाऊ नगासा. तुमच्यामुळं पाणी चढायलंय."

केतकी जेवून परत आली तेव्हा गोदाम रिकामं. थोरला म्हातारा रेघेजवळ एकटाच बसलेला. तिला बघून समाधानानं म्हणाला, "दोन बोटं उतरलंय बघ, पोरी."

जाताना माझा फोन नंबर घेऊन गेले. पावसाळ्यात आजही रोज सकाळी फोन येतो. "तात्या, रेघंच्या वर का खाली?"

मी सांगतो, "खाली." उगीच कशाला त्यांच्या जिवाला घोर.

*

महिना झाला तरी येणाऱ्या एकाही माणसाला झाड फुलवता आलं नव्हतं. केतकी स्वतः उभी राहिली की फुलायचं. पण मालक म्हणाले होते, करणारीनं करून दाखवलं त्यात काय नवल, लोकांना जमतंय का ते दाखव. दोन महिने संपायच्या रविवारी ते पुण्याच्या दोन जाणकारांना घेऊन येणार होते. त्यांच्यासमोर फुलं आली तर गोदाम कायमचं केतकीला. नाहीतर मंडपवाल्याला खुर्च्या ठेवायला.

"नाही झालं तर बेंगळूरची नोकरी हाय," ती एकदा मला म्हणाली. "जातो मग मी." म्हणाली आणि वायर गुंडाळत बसली.

मी नाही का उभा राहिलो? राहिलो की. पण रवे वाहिलेले गुडघे आहेत हे. तीन मिनिटांनी कटकट वाजतात, आणि वर टांगलेला माईक तेवढंच बरोबर ऐकतो.

आणि तिचा बाप? दिनकरचा कट्टा चौकात, गोदामापासून चार घरांवर. संध्याकाळी म्हशी आणून बांधायच्या आणि गिऱ्हाईकाच्या समोर धार काढून फेसाळता ग्लास हातात द्यायचा, हा त्याचा धंदा. रोज पाचाला तो सुंदरी म्हशीला घेऊन गोदामाच्या दारावरून जायचा. सुंदरी थांबून आत बघायची, कारण गुळाच्या दिवसांत मी तिला वजनाच्या काट्याजवळ उभी करून रोज एक खडा द्यायचो. दिनकर मान वळवायचा नाही. मी एकदा म्हटलं, पोरीनं केलेलं झाड बघून जा की. तर म्हणाला, "झाड बघायला गोदामात कशाला? परड्यात शेवगा हाय न्हवं."

*

सगळ्यात जवळ पोचल्या त्या सुशीलाबाई. आमच्या वायरमन सिद्धार्थची आई. रोज पहाटे विहारात तासभर ध्यानाला बसतात. सिद्धार्थनंच त्यांना आणलं. बाई रिंगणात मांडी घालून बसल्या, डोळे मिटले, आणि काय सांगू, गोदामातली हवासुद्धा थांबली. कोंब, फांद्या, पानं. चार मिनिटं झाली. कळ्या धरल्या. केतकीनं माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात दारात एक बाई आल्या, हातात कोथिंबिरीची पिशवी. त्यांनी सुशीलाबाईंना पाठीवरून ओळखलं.

"अगं सुशीले, हितं हायस व्हय! आणि मी घरी जाऊन दार बडवून आले की!"

कळ्या गेल्या. सुशीलाबाईंनी शांतपणे डोळे उघडले, उठल्या, आणि मैत्रिणीला म्हणाल्या, "चल. चहा ठेवते."

केतकीपेक्षा सिद्धार्थला जास्त लागलं ते.

*

म्हणून मग त्यानं तो किटलीचा उद्योग केला.

हा कॅमेरा नुसता आकार बघत नाही, अंगाची ऊब बघतो, हे सिद्धार्थला वायरिंग करताना कळलं होतं. एका दुपारी केतकी नसताना त्यानं चहावाल्याची भरलेली किटली आणली, गोणपाटात गुंडाळली, वर माझी टोपी ठेवली आणि रिंगणात नेऊन बसवली. किटली हलत नाही, बोलत नाही. कोंब फुटला! दोन पानंसुद्धा आली. पण मग किटली निवत गेली तशी पानं गळत गेली. सिद्धार्थ पळत जाऊन चहा गरम करून आणायचा, परत दोन पानं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा केतकी दारात उभी.

ती किटलीकडं बघत राहिली. किटलीवरच्या टोपीकडं बघितलं. मग माझ्या उघड्या डोक्याकडं.

"तात्या, तुम्हीपण?"

मी चहा पाजला तिला. जरा गोणपाटाचा वास येत होता.

संध्याकाळी मी कट्ट्यावर दुधाचा ग्लास घेऊन ही हकिकत सांगितली. सगळे पोट धरून हसले. दिनकर सुंदरीखाली बसून धार काढत होता, तो हसला नाही. धार संपल्यावर बादली उचलता उचलता एवढंच म्हणाला, "म्हंजे ऊब पायजे."

मी म्हटलं, "व्हय. आणि गप्प उभं ऱ्हायला पायजे."

"हं," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाईकाचा ग्लास विसळायला घेतला.

*

आता तो रविवार.

मालक आणि पुण्याचे दोघे पाहुणे साडेचारला आले. पहिले पाहुणे उभे राहिले, तर दुसरे त्यांना काय छान दिसतंय ते हळू आवाजात सांगत राहिले. मग दुसरे उभे राहिले, तर पहिले सांगायला लागले. मालक स्वतः उभे राहिले, दीड मिनिटात त्यांच्या खिशात फोन वाजला आणि त्यांनी तो उचलला. गर्दीतले आणखी आठ-दहा जण उभे राहून झाले. कोंबाच्या पुढं काही जाईना. पाच वाजून गेले. मालकांनी घड्याळ बघितलं. केतकी कोपऱ्यात जाऊन एक वायर सोडवायला लागली.

तेव्हा सुंदरी दारातून आत आली.

एकटीच. जमिनीवर कासरा ओढत. माझ्याजवळ थांबली, माझा हात हुंगला. हातात गूळ नव्हता. मग सरळ चालत गेली आणि जिथं आमचा वजनाचा काटा असायचा तिथं जाऊन उभी राहिली. काट्याच्या जागीच केतकीनं रिंगण आखलं होतं.

तिची शिंगं हातभर लांब. मान वळवली असती तर एका बाजूला प्रोजेक्टर आणि दुसऱ्या बाजूला पुण्याचे पाहुणे. भीतीनं कुणी हलेना, कुणी बोलेना. कोल्हापूरची चाळीस माणसं एका जागी, आणि आवाज नाही. मी तर असं आयुष्यात ऐकलं नव्हतं. सुंदरी आपली उभी. गुळाची वाट बघत.

कोंब आला. फांद्या आल्या. पानं भरली. कळ्या धरल्या आणि पाचव्या मिनिटाला फुलं फुलली, पांढरी, ओंजळीएवढी. म्हैस हलेना. फुलं भिंत ओलांडून छतावर गेली, छतावरून मागच्या भिंतीवर उतरली, माणसांच्या अंगावर आली. दहा मिनिटं झाली की काय व्हायचं ते केतकीनं यंत्रात घालून ठेवलं होतं, पण तिनंही ते कधी बघितलं नव्हतं, हे तिनं नंतर सांगितलं. तेव्हा ती नुसती तोंडावर हात ठेवून उभी होती.

माझ्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं. बघतो तर दिनकर. हातात रिकामी बादली. त्याच्यामागं कट्ट्यावरची गिऱ्हाईकं, रिकामे ग्लास घेऊन.

"तोडून आली बघा," तो माझ्या कानात म्हणाला.

आणि वर बघत राहिला. धारेची वेळ टळून गेली होती. तीस वर्षांत त्याची ती टळलेली मला आठवत नाही. समोरून केतकीनं त्याला बघितलं. बोलली असती तर झाड गेलं असतं, म्हणून बोलली नाही. तोही बोलला नाही. त्याच्या सदऱ्यावर एक फूल पडलं होतं, उजेडाचं. ते त्यानं हातानं झटकलं नाही.

मग सुंदरीनं शेपटी उचलली आणि जे करायचं ते केलं. आवाज झाला. सगळं झाड एका क्षणात मातीत गेलं, आणि चाळीसच्या चाळीस माणसं एकदम बोलायला लागली.

मालक म्हणाले, "गोदाम ऱ्हाऊ दे हिच्याकडं." कुणीतरी मागून विचारलं, कुणाकडं, पोरीकडं का म्हशीकडं? "दोघींकडं," मालक म्हणाले.

दिनकरनं तिथंच, रिंगणात बसून धार काढली. पहिला ग्लास पुण्याच्या पाहुण्यांना दिला, दुसरा केतकीला. तिला म्हणाला, "शेण मी काढतो. तू मशीन बघ."

मी म्हटलं, आपणही काहीतरी करावं. जमिनीवर पडलेला कासरा गुंडाळायला घेतला. खालपासून वरपर्यंत हातानं चाचपत गेलो. कुठं तुटला नव्हता. टोक अख्खं होतं, आणि सोडलेल्या गाठीची वळी अजून त्यात तशीच होती.

गुंडाळून झाल्यावर मी तो दिनकरच्या हातात दिला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"लय ताकदीची हाय ती," तो म्हणाला.