मी बोईसरला, बॅग पालघरला

विरारहून बोईसरला आता विजेची गाडी जाते. चेहरा ज्या रंगाचा घेऊन निघाल त्याच रंगाचा घेऊन पोहोचाल. साठच्या दशकात तसं नव्हतं. विरारपुढे कोळशाचं इंजिन होतं आणि त्या गाडीतून मी एकदा फार ताठ मानेने गेले. त्या फेरीची ही हकीकत.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि आमच्या ह्यांना तिथे नोकरी लागली. पाम गावात त्यांनी खोली घेतली. मी पुण्याला शिकवत होते. नोकरी सोडून नुसती पोळ्या लाटायला मी जाणार नव्हते. तिकडच्या शाळेत शास्त्राच्या शिक्षकाची एक जागा निघाली, तेव्हा मुलाखतीला निघाले. जागा मिळाली तर संसार एकत्र, नाहीतर मी पुण्याला आणि हे पामला.

तयारी कडक होती. पांढरी इस्त्रीची साडी, बॅगेत पदवीची प्रमाणपत्रं आणि फिरकीच्या तांब्यात उकळलेलं पाणी. मी रसायनशास्त्राची पदवीधर. न उकळलेल्या पाण्यावर कुणालाही, कुठेही व्याख्यान देत असे.

विरारला सुकेळी, म्हणजे तिकडची वाळवलेली केळी, घेतली, तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं आणि शेवटच्या डब्यात बसले. त्यात बाजार संपवून परतणाऱ्या कोळणी होत्या, रिकाम्या टोपल्यांसह. समोरची म्हणाली, "बाय, इंजिनाकडं पाठ करून बस. डोल्यात कोलसा जाईल." मला वाऱ्याची दिशा कळते, असं मी तिला सांगितलं. वैतरणेच्या पुलावर कोळशाचा कण डोळ्यात गेला. तिने पदराच्या टोकाने तो काढला. सातपाटीची होती, पालघरला उतरणार होती. मी आभार मानले आणि पाणी उकळून प्यायचे फायदे सांगितले.

खाडी, मिठागरं, ताडाची झाडं मागे पडत होती. देखावा सुंदर होता, पण डोळा चोळण्यात अर्धाच दिसला. सफाळ्याला गाडीने हिसका दिला आणि तांब्या माझ्या मांडीवर उपडा झाला. फिरकी मीच वाकडी बसवली होती.

पालघरला इंजिन पाणी भरायला थांबे. कोळीण म्हणाली, "डायवर देतो ना कडकडीत पानी. लोक चा करतात त्याची." इंजिनातल्यापेक्षा जास्त उकळलेलं पाणी सगळ्या तालुक्यात कुठे मिळणार? मी उठले. ती इथेच उतरणार हे विसरून बॅग तिच्यापुढे ठेवली आणि वर्गातल्या आवाजात बजावलं, "मी येईपर्यंत कुणाच्याही हातात द्यायची नाही."

इंजिन सगळ्यात पुढे, आम्ही सगळ्यात मागे. मी पोहोचले, तांब्या वर दिला. ड्रायव्हरने भरून परत केला, पण हातात धरवेना इतका तापलेला. तो पदरात गुंडाळेपर्यंत शिट्टी झाली. "अब डिब्बा नहीं मिलेगा, चढ़ो बाई." मी चढले. पुढचं स्टेशन येईपर्यंत मागे भट्टी, पुढे वारा आणि अंगभर कोळशाची भुकटी. एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने तांब्या धरून, वाफेविषयी आपण मुलांना किती चुकीचं शिकवलं, ते मी पाहत होते.

बोईसरला हे घ्यायला आले होते. मला इंजिनातून उतरताना पाहून म्हणाले, "डब्यात जागा नव्हती का?"

मी शेवटच्या डब्याकडे धावले. कोळीण नव्हती. बॅगही नव्हती.

टांग्याने शाळेत गेलो. तोंड धुतलं, त्यामुळे काळं होतं ते राखाडी झालं. मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्रं मागितली. मी ठणकावून सांगितलं, "सातपाटीच्या कोळणीने बॅग लांबवली."

"सातपाटीची हे कसं कळलं?"

"तिनेच सांगितलं."

त्यांनी चष्मा काढला. "चोर गावाचं नाव सांगून चोरी करतो का, बाई?"

शास्त्राची शिक्षिका मी, पुराव्याचा विचार करणारे ते. प्रमाणपत्रं उद्या दुपारपर्यंत आणा, नाहीतर जागा दुसऱ्या उमेदवाराला देतो, असं म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीने पालघरला गेले, पोलिसात तक्रार द्यायची म्हणून. फलाटाच्या टोकाला, जिथे शेवटचा डबा थांबला होता, तिथेच ती बसली होती. बॅग टोपलीत, टोपली मांडीवर. शिट्टी झाली तरी मी आले नाही, म्हणजे मी फलाटावरच राहिले, असं समजून ती माझी बॅगही घेऊन उतरली होती.

"स्टेशनमास्तरकडे का नाही दिली?"

"मागीत होता. तूच सांगलंस ना, कोनाचे हातात देवाची नाय."

"आणि मी आलेच नसते तर?"

"येशील नाय तं जाशील कुठं? पानी आनाला गेलतीस." मग तिने माझ्या तांब्याकडे पाहिलं. "भेटलं पानी?"

भेटलं होतं. वर तेलाचा तवंग होता, मी घोटभरही प्यायले नव्हते. ती दुपारपासून तिथून हलली नव्हती. नळ फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होता. मी तांब्या रिकामा केला, नळावर भरून आणला आणि आम्ही दोघी प्यायलो. न उकळलेलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्रं उघडली आणि जरा लांब धरली. बोंबलाचा वास सगळ्या खोलीत पसरला. "सातपाटीच," ते म्हणाले आणि जागेच्या पत्रावर सही केली.

तिथे मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. तुम्ही गेलात तर सातपाटीची मासळी जरूर घ्या, पाणी हवं ते प्या. माझी प्रमाणपत्रं इथे घरी कपाटात आहेत, वास कधीच गेला. मी मात्र अजून कधीतरी नाक लावून बघते. त्या संध्याकाळी तिच्या सातपाटीच्या एस.टी.ची वेळ होईपर्यंत आम्ही फलाटावर सुकेळी खाल्ली, पुष्कळ बोललो. मुलाखतीत मी तिच्याबद्दल काय म्हटलं होतं, तेवढं सांगायला माझी जीभ रेटली नाही.